अर्जाची मुदत आणि नागरिकाचा हक्क

नगरपालिकेकडे केलेला अर्ज पूर्वी मुदत न लिहिलेल्या हुंडीसारखा असे. तो स्वीकारला जाई. परंतु त्याचा निकाल केव्हा लागेल, हे कोणी सांगत नसे. जन्माचा दाखला, मालमत्ता कराचा उतारा किंवा नळजोडणी यांसाठी नागरिकाने एका विभागातून दुसऱ्या विभागात खेटे घालावेत, हीच रीत होती.

नव्या शतकाच्या आरंभी कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेने विभागांचे कामकाज संगणकाने जोडले आणि नागरी सुविधा केंद्र सुरू केले. अर्ज एकाच ठिकाणी घ्यायचा व त्याचा पुढील प्रवास संगणकावर नोंदवायचा, ही ती पद्धत. राज्य शासनाने पुढे हे प्रारूप इतर नगरपालिकांतही नेले. अर्ज कोणत्या मेजावर थांबला आहे, हे त्यामुळे दिसू लागले. तो थांबल्यास जाब विचारण्याचा सर्वसाधारण हक्क मात्र नंतर मिळाला.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने तो दिला. अधिसूचित सेवेसाठी केलेल्या प्रत्येक अर्जास विशिष्ट क्रमांक मिळतो. सेवेची कालमर्यादा व जबाबदार अधिकारी कार्यालयातील फलकावर जाहीर करावे लागतात. मुदत टळली किंवा अर्ज फेटाळला गेला, तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. त्यानंतर द्वितीय अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर अनेक अर्ज घरबसल्या करता येतात.

एवढे असूनही व्यापारी बहुधा मध्यस्थाच्या हाती पैसे ठेवून मोकळा होतो. कार्यालयाशी वितुष्ट नको, दुकान सोडून जायला वेळ नाही, ही त्याची कारणे समजण्यासारखी आहेत. परंतु मध्यस्थामार्फत, पोचपावतीविना दिलेल्या कागदाची मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार? अपील कशाच्या आधारे करणार? शिवाय त्या व्यवहाराचा भार ज्याच्याजवळ मध्यस्थाला देण्याइतके पैसे नाहीत, त्याच्यावर पडतो. त्याचा अर्ज मागे राहतो.

संगणक नोंद ठेवतो, कायदा मुदत ठरवतो. वसुलीचा तगादा मात्र धनकोनेच लावायचा असतो. म्हणून अर्ज स्वतःच्या नावे, स्वतःच्या भ्रमणध्वनी क्रमांकावर करावा, पोचपावती जपावी, मुदतीची तारीख दुकानाच्या रोजनिशीत लिहावी. ती टळल्यास विनयाने, पण लेखी अपील करावे. अपील म्हणजे भांडण नव्हे. तो थकलेल्या येण्याचा रीतसर तगादा आहे.