ऑइल बदलल्यानंतरची पहिली चार सेकंदं

अमेरिकेत आल्यावर आपल्यापैकी बरेच जण गाडीचं इंजिन ऑइल घरच्या घरी बदलायला शिकतात. जुनं ऑइल काढायचं, फिल्टर बदलायचा, नवं ऑइल भरायचं, झालं काम! पण त्यानंतर गाडी पहिल्यांदा सुरू केली, की ऑइलचा लाल दिवा नेहमीपेक्षा काही सेकंद जास्त जळतो. तेवढ्या वेळात इंजिनच्या आत काय घडत असतं?

धातूला धातू लागत का नाही?

१८८३ साली ब्रिटिश अभियंता बोशँप टॉवर रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. वंगण सोडण्यासाठी त्याने बेअरिंगला वरून भोक पाडलं, तर आस फिरायला लागल्यावर त्यातून तेल उलट बाहेर यायला लागलं. भोकात बसवलेलं लाकडी बूचही तेलाने ढकलून दिलं! फिरणारा आस तेलाला अरुंद फटीत खेचतो, तिथे दाब तयार होतो आणि त्या दाबावर आस चक्क तरंगतो. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने याचं गणित मांडलं. पावसात साचलेल्या पाण्यावर वेगात जाणारी गाडी टायरसकट तरंगते, तेही याच तत्त्वाने.

तुमच्या गाडीचा क्रँकशाफ्टही असाच तरंगतो. म्हणजे भार पेलणारा दाब ऑइल पंप देत नाही, तो फिरण्यातून तयार होतो. पंपाचं काम फटीत तेल पोचवत राहण्याचं.

मग ऑइल बदलल्यावर अडचण कुठे येते?

नवा फिल्टर रिकामा असतो. पंप आधी तो भरतो आणि मगच तेल पुढे बेअरिंगपर्यंत जातं. समजा, फिल्टरमध्ये ३०० मिलिलिटर तेल मावतं आणि इंजिन नुसतं चालू असताना पंप मिनिटाला ५ लिटर तेल देतो. मग फिल्टर भरायला साधारण ४ सेकंद लागतील. मिनिटाला ८०० फेरे धरले, तर तेवढ्यात क्रँकशाफ्टचे पन्नासेक फेरे होतात. तोवर बेअरिंगच्या फटीत शिल्लक राहिलेलं जुनं तेल आणि ऑइलमधल्या जस्त-फॉस्फरसयुक्त रसायनाने धातूवर चढवलेला अतिशय पातळ थर, एवढ्यावरच भागवायचं असतं. कमी भारावर ते भागतंही.

रेस दिली तर फिल्टर लवकर भरेल ना?

सेकंद कमी लागतील, फेरे मात्र तेवढेच. पंप क्रँकशाफ्टवरच चालतो आणि दर फेऱ्याला जवळपास ठरावीक तेल ढकलतो. उलट पिस्टन वर-खाली होताना बेअरिंगवर पडणारं जडत्वाचं बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. ८०० चे ३२०० फेरे केले, की वेग चौपट आणि बल सोळापट! टर्बो असेल तर त्याचा शाफ्ट याहून कितीतरी वेगाने फिरतो, आणि त्यालाही तेल याच वाटेने मिळतं. ऑइल बदलल्यावर लगेच 'जरा रेस देऊन बघू' म्हणणारा मेकॅनिक भारतात भेटला, तर त्याला जरूर थांबवा.

तुम्ही काय करायचं?

- फिल्टरचं तोंड वर ठेवून तो बसवता येत असेल, तर आधी थोडं तेल भरून घ्या. ते कडेच्या बारीक छिद्रांतून भरा. मधलं भोक गाळलेलं तेल बाहेर जाण्यासाठी असतं.
- बऱ्याच पेट्रोल इंजेक्शन गाड्यांमध्ये अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारला, की इंधन बंद राहतं. त्यामुळे ज्वलनाचा भार न येता तेल पुढे सरकतं. पण सगळ्याच गाड्यांत ही सोय नसते, त्यामुळे तुमच्या गाडीचं मॅन्युअल बघूनच हे करा.
- एरवी गाडी नेहमीसारखी सुरू करा आणि दिवा विझेपर्यंत अ‍ॅक्सिलरेटरला पाय लावू नका. दहा सेकंदांत दिवा विझला नाही, तर इंजिन बंद करा.

आणि जुन्या फिल्टरचं रबरी वायसर इंजिनला चिकटून राहिलेलं नाही ना, हे नवा फिल्टर लावण्याआधी बघा. एकावर एक दोन वायसर बसले, तर दाबाखाली तिथून तेल उसळतं आणि काही मिनिटांत इंजिन कोरडं पडू शकतं. त्या चार सेकंदांपेक्षा हा धोका फार मोठा आहे. म्हणून गाडी मिनिटभर चालू ठेवून खाली वाकून गळती बघा. मग इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा आणि डिपस्टिक तपासा. फिल्टरने तेल पिऊन घेतल्यामुळे पातळी थोडी उतरलेली दिसेल. तेवढं तेल वरून घाला.