पडद्याने उचलली जाणारी स्लाइड

जुन्या ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेटमध्ये मूठ पिळली की केबल थेट कार्बोरेटरची स्लाइड उचलते. मूठ झटक्यात पिळली तर हवेची वाट एकदम रुंद होते, हवेचा वेग पडतो आणि त्याबरोबर पेट्रोल ओढणारे शोषणही घटते. मिश्रण पातळ होऊन इंजिन क्षणभर गुदमरते.

पुण्याच्या बजाजने २००९ मध्ये आणलेल्या कार्बोरेटरवाल्या पल्सर २२० मध्ये व्हॅक्युमवर चालणारी रचना आहे. तिथे केबल फक्त फुलपाखरी झडप फिरवते. स्लाइडच्या डोक्यावर रबरी पडदा असतो. त्याच्या खाली एअर फिल्टरकडची हवा असते, तर वरच्या कप्प्यात स्लाइडच्या छिद्रातून पोचलेला कमी दाब. इंजिन खरोखर जितकी हवा ओढते तितकीच स्लाइड वर जाते आणि तिची सुई त्या मानाने पेट्रोल सोडते. प्रतिसाद किंचित उशिरा मिळतो. शर्यतीवाल्यांना तो खटकतो, पण बंगळूरमधल्या बनशंकरीच्या थांबत-सरकत जाणाऱ्या वाहतुकीत हा मवाळपणा सोयीचाच.

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असल्याने तिथली हवा जवळपास एक दशांश विरळ आहे. त्यामुळे घटलेली ताकद कोणताही कार्बोरेटर परत आणू शकत नाही.

पडदा फाटला तर गाडी सुरू होते, हळू चालतेही, पण वरचे आरपीएम गाठत नाही. मग पेट्रोल सोडणाऱ्या बिचाऱ्या जेटची विनाकारण सफाई होते. हा त्रास आता मुख्यतः जुन्या गाड्यांचा: एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे बीएस-६ निकष लागू झाल्यावर बहुतेक नव्या मोटरसायकलींत कार्बोरेटरची जागा फ्युएल इंजेक्शनने घेतली.