टपरीवरचे फॉर्म

गेल्या महिन्यात माझ्या जुन्या कंपनीतल्या फील्ड विभागाचा निरोप समारंभ झाला. विभागाचाच, माणसं आधीच गेली होती. एक तरुण साहेब भाषणात म्हणाले, आता उत्तरं द्यायलाही माणूस लागत नाही, संगणकच गृहिणी होऊन बोलतो. माझा समोसा हातातच राहिला.

बाजार संशोधनात तीस वर्षं काढली. त्यातली शेवटची वीस सांगण्यासारखी नाहीत: स्लाइड्स, विमानतळ, बढती, पुन्हा स्लाइड्स. जगलो ते १९८९ ते १९९९. बडोद्याची ओआरजी, मुंबईच्या आयएमआरबी आणि मार्ग ही नावं धंद्यात मोठी, पण 'सर्व्हे करतो' म्हटलं की वडील विचारत, "म्हणजे जनगणना का रे?"

मतदारयादीतून एक पत्ता निघायचा. तिथून उजव्या हाताने चालत, ठरलेली घरं सोडत दार ठोकायचं. घरात दोन-तीन बायका असल्या तर कुणाशी बोलायचं हे किश ग्रिड नावाचा तक्ता ठरवी. तक्त्याने सून निवडली की सासू दारातच म्हणे, "तिला काय कळतंय, मी सांगते."

मग घराचा दर्जा ठरवायचा, ए-१ पासून ई-२ पर्यंत. त्यासाठी मुख्य कमावत्या माणसाचं शिक्षण आणि व्यवसाय विचारायचा. लालबागच्या एका चाळीत बाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "हे." 'हे' खाटेवर पेपर वाचत होते, १९८२च्या संपापासून घरीच. पोळ्यांचे डबे तिचे, घरभाडं तिचं. नियमाप्रमाणे मुख्य कमावती तीच. मी तसं लिहायला लागलो तर तिने लाटणं थांबवलं. "ह्यांचंच लिवा." २०११मध्ये त्या वर्गवारीतून व्यवसाय गेला, फ्रिज-पंखे मोजू लागले. शिक्षण मात्र तेव्हाही मुख्य कमावत्याचंच राहिलं.

१९९१ नंतर कामाचा पूर आला. १९९४ला केलॉग्ज आली. कुरकुरीत पोह्यांवर ऊन दूध ओतलं की लगदा होतो, हे दादरच्या कुठल्याही बाईने फुकट सांगितलं असतं.

आमचे एक साहेब कधी चाळीचा जिना चढले नाहीत, पण मीटिंगमध्ये ठसक्यात म्हणत, "फील्डवाले टपरीवर बसून फॉर्म भरतात." काही भरायचे, खोटं कशाला बोलू? पाऊण तासाची प्रश्नावली, पैसे फॉर्ममागे, आणि दर दुसरं दार तोंडावर बंद. एका पोराचे अकरा फॉर्म माझ्याकडे तपासायला आले. अक्षर सुरेख, खाडाखोड नाही. बॅक-चेकला गेलो तर पहिल्याच घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ते गणपतीपासून गावी आहेत." त्याच संध्याकाळी त्याला काढला. घरी म्हातारी आई आहे म्हणून रडला, तरी काढला. बनावट उत्तर म्हणजे आमच्याकडे चोरीच होती.

आता तीच चोरी पावती फाडून विकतात.

समारंभानंतर त्या तरुण साहेबांकडे मी संगणकाच्या गृहिणींची उत्तरं मागितली. भला माणूस, लगेच वीस जणींची प्रिंट काढून दिली. लोकलमध्ये उभ्याउभ्या वाचली. साबणावर, चहावर सगळ्या मुद्देसूद बोलल्या होत्या. विसाव्या पानापर्यंत बघितलं, एकीचीही सासू मध्ये बोलली नव्हती.