पौंडाच्या शहरातली उघडी दारं

लंडन, जुलै

एका पौंडाला ११० रुपयांहून जास्त मोजावे लागतात. त्या भावाने लंडनमध्ये खर्च करायची वेळ आली की कुर्ल्याहून आलेल्या माणसाचा जीव पहिल्याच दिवशी दडपतो. साधी कॉफी चारशे रुपयांच्या घरात जाते. वेस्टमिन्स्टर ॲबे आतून बघायचं तर तिकीट तीस पौंडांच्या आसपास आणि टॉवर ऑफ लंडनचं त्याहूनही जास्त. चार मोठी माणसं ही दोन ठिकाणं बघून आली की तीस हजार रुपयांचा चुराडा झालाच म्हणून समजा.

पण या शहराचा हिशेब दोन वह्यांत मांडावा लागतो. घरं, खाणावळी, हॉटेलच्या खोल्या, नाटकाच्या पुढच्या रांगा हे सगळं खासगी आहे आणि डोळे फिरावेत इतकं महाग आहे. संग्रहालयं, चित्रदालनं, बागा, ग्रंथालयं, संसद आणि न्यायालयं मात्र सगळ्यांची आहेत, आणि तिथे बहुतेक ठिकाणी तिकीटच नाही. खिसा हलका असलेला प्रवासी आपोआप या दुसऱ्या लंडनकडे वळतो. शहराचा उत्तम भाग त्याच्याच वाट्याला येतो, असं माझं ठाम मत आहे.

ब्रिटिश म्युझियम १७५३ मध्ये संसदेच्या कायद्याने स्थापन झालं आणि १७५९ मध्ये लोकांसाठी उघडलं. प्रवेश विनामूल्य हे त्याचं तत्त्व तेव्हापासूनचं. १९७४ मध्ये सरकारने राष्ट्रीय संग्रहालयांवर शुल्क लादलं होतं, ते काही महिन्यांतच मागे घ्यावं लागलं. १९८० च्या दशकात मात्र अनेक मोठ्या संग्रहालयांनी तिकीट लावायला सुरुवात केली. शेवटी १ डिसेंबर २००१ पासून इंग्लंडमधल्या राष्ट्रीय संग्रहालयांची दारं पुन्हा सर्वांना मोकळी झाली. त्यामागे कराच्या कायद्यातला एक बदल होता. तिकीट न लावणाऱ्या संग्रहालयांना खरेदीवर भरलेला मूल्यवर्धित कर परत मिळत नसे, म्हणजे दार उघडं ठेवणाऱ्यालाच भुर्दंड. ती अडचण कायद्याने दूर केली. लोकांना विनामूल्य काही द्यायचं तर सदिच्छा पुरत नाही, हिशेबाची घडी नीट बसवावी लागते, हे या देशाने ओळखलं.

तिकीट नसण्याचा फायदा फक्त पैशांचा नाही. पैसे भरून आत गेलेला माणूस ते वसूल करायला सगळी दालनं पालथी घालतो आणि संध्याकाळी पाय चोळत बसतो. इथे एका चित्रासाठी आत जाता येतं. ट्रफाल्गर चौकातल्या नॅशनल गॅलरीत व्हॅन गॉगची सूर्यफुलं पाहावीत आणि बाहेर पडावं. पाऊस आला तर पुन्हा आत शिरावं. ब्रिटिश म्युझियममध्ये एखादी दुपार फक्त अमरावतीच्या स्तूपाच्या शिल्पांपाशी काढावी. आंध्रातले ते दगड साम्राज्याच्या वाटेने इथे आले, याचा सल मनात राहतोच. तो राहावाही.

कमी पैशांत लंडनमध्ये राहण्याचा मराठी इतिहास सांगायचा तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव आधी घ्यावं लागतं. १९१६ मध्ये ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये दाखल झाले. बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पै-पै साठवली. शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राचं कर्ज घेऊन १९२० मध्ये ते पुन्हा इथे आले. धनंजय कीरांच्या चरित्रात त्या दिवसांचं वर्णन आहे. सकाळी घरमालकिणीने दिलेली अपुरी न्याहारी, मग दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात अभ्यास, रात्री पुन्हा भूक, आणि ती भागवायला पत्र्यावर भाजलेले पापड. १९२१ मध्ये त्यांनी एम.एस्सी. मिळवली आणि १९२३ मध्ये रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला डी.एस्सी.

त्या हालांना सोनेरी मुलामा देऊ नये. भूक ही भूकच असते, आणि विद्यार्थ्याने उपाशी राहावं हे कुठल्याही समाजाला भूषण नाही. पण ज्या शहरात पोटभर जेवण परवडत नव्हतं, त्याच शहराने जगातलं एक थोर ग्रंथालय त्यांच्यापुढे दाम न घेता उघडलं होतं. हे दुसरं लंडन नसतं, तर पहिल्या लंडनने त्यांना केव्हाच परत पाठवलं असतं.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब १०, किंग हेन्रीज रोड इथे राहत. महाराष्ट्र सरकारने ती वास्तू २०१५ मध्ये विकत घेतली आणि आता तिथे त्यांचं स्मारक आहे. तिथून थोडं चाललं की प्रिमरोज हिल लागते. १८४२ पासून ही टेकडी जनतेसाठी खुली आहे. वर उभं राहिलं की अख्खं शहर नजरेत मावतं, आणि त्यासाठी उंच चाकाच्या पाळण्याचं तिकीट काढावं लागत नाही. बाबासाहेब जिथे अभ्यास करत, ते ब्रिटिश म्युझियममधलं ग्रंथालय मात्र आता तिथे नाही. १९७३ मध्ये ब्रिटिश लायब्ररी ही वेगळी संस्था झाली आणि १९९८ मध्ये तिची सेंट पँक्रासची नवी इमारत खुली झाली. वाचकाचं ओळखपत्र तिथे आजही विनामूल्य मिळतं. ते नसलं तरी प्रदर्शनाच्या दालनात मॅग्ना कार्टा बघता येतो.

फिरायला बस घ्यावी. भुयारी रेल्वे वेगवान असते, पण जमिनीखालून शहर दिसत नाही, आणि खर्चही जास्त. २०२५ मध्ये बसचं भाडं १.७५ पौंड होतं. पहिल्या बसमध्ये कार्ड टेकवल्यापासून तासाभरात कितीही बस बदला, वेगळे पैसे पडत नाहीत. दिवसभरातल्या बसभाड्याला वरची मर्यादाही आहे, ती गाठली की पुढचा प्रवास फुकट. २०१४ पासून बसमध्ये रोख पैसे चालत नाहीत, हे नवख्याने ध्यानात ठेवावं. २४ नंबरची बस हॅम्पस्टेड हीथच्या माळरानापासून निघते आणि कॅमडन टाउन, ट्रफाल्गर चौक करत संसदेपर्यंत नेते. कुर्ला ते वांद्रे ३१० नंबरच्या डबलडेकरमध्ये वरच्या मजल्यावर पुढची जागा पकडणाऱ्याला इथे काही शिकवावं लागत नाही.

मुक्काम ही सगळ्यांत अवघड बाब. उन्हाळ्याच्या सुट्टीत लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची वसतिगृहं पाहुण्यांना खोल्या देतात. ब्रिटिश लायब्ररीच्या समोरच यूथ हॉस्टेल आहे. स्वयंपाकघर वापरायला मिळेल अशी जागा शोधावी, कारण बाहेर खाण्यातच पैसा वाहतो. संध्याकाळी सुपरमार्केटमध्ये मुदत संपत आलेल्या पदार्थांवर पिवळी चिठ्ठी लावून भाव उतरवतात. ब्रेड, दही, फळं तेव्हा घ्यावीत. पाण्याची बाटली विकत घेऊ नये. मद्यविक्रीचा परवाना असलेल्या उपाहारगृहाला मागितल्यास नळाचं पाणी फुकट द्यावं लागतं, असा इथला नियम आहे. आणि घरच्या चवीची आठवण अनावर झाली, तर यूस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटवर भेळपुरी मिळते.

या देशाचा स्वभाव समजून घ्यायचा असेल तर एक दुपार संसदेत काढावी. अधिवेशन चालू असताना हाउस ऑफ कॉमन्सच्या प्रेक्षक सज्जात परदेशी माणसालाही विनामूल्य बसता येतं. बुधवारची पंतप्रधानांची प्रश्नोत्तरं सोडली तर बहुधा थोडी रांग लावली की जागा मिळते. फौजदारी न्यायालयांतही प्रेक्षकांसाठी सज्जा असतो. जनतेचा कारभार जनतेच्या डोळ्यांदेखत चालावा, हा विचार इथे बाकावर बसवून दाखवला जातो.

कलेच्या बाबतीतही उभं राहणाऱ्याला मान आहे. १८९५ मध्ये सुरू झालेल्या प्रॉम्स संगीत महोत्सवाचा हेतूच मुळी स्वस्त तिकिटात उत्तम संगीत ऐकवणं हा होता. आजही रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रंगमंचासमोरच्या जागेत आठ पौंडांच्या आसपास उभं राहून ऐकता येतं. मागे खुर्चीत बसलेल्यांनी त्याच्या कितीतरी पट मोजलेले असतात. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहात पाच-दहा पौंडांत उभ्याने नाटक बघता येतं. आणि ॲबेचं तिकीट परवडलं नाही, तर संध्याकाळच्या प्रार्थनेला जावं. तिला शुल्क नाही. वृंदगायनाचे सूर त्या दगडी कमानींखाली भरून राहतात. तिथे पर्यटक म्हणून न जाता शांतपणे बसावं, एवढीच अपेक्षा असते.

हे सगळं आपोआप होत नाही. करदाते पैसे देतात, देणगीदार देतात, दाराशी देणगीची पेटी असते. परदेशी पर्यटकांकडून तिकीट घ्यावं का, असा वाद इथे अलीकडे रंगतो आहे. लंडनमध्ये नोकरी करणाऱ्यांचा पगार घरभाड्यातच संपतो, अशीही रड आहेच. म्हणूनच तिकीट नसलेली ही दारं पर्यटकापेक्षा इथल्या गरिबाला जास्त लागतात. शाळेच्या सहली, म्हातारी माणसं, तान्ही मुलं घेऊन आलेल्या आया यांनी ही दालनं भरलेली दिसतात.

कुर्ल्याच्या वाचकांना हे एवढ्यासाठी सांगायचं की आपल्याकडे या विचाराचं बीज जुनं आहे. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये खुलं झालं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाचंच नाव ते १९७५ पर्यंत मिरवत होतं. पण कुर्ल्यातल्या मुलाला रविवारी पावसात आडोसा हवा असेल, तर आज त्याच्यासमोर मॉल आहे. मॉलमध्ये शिरायला पैसे पडत नाहीत, पण रिकाम्या खिशाने तिथे फार वेळ बसवत नाही. त्याला अभ्यासिका हवी, सावलीची बाग हवी, घराजवळ एखादं चित्रदालन हवं, जिथे कुणी काय घेणार म्हणून विचारणार नाही. लंडनला जाणं प्रत्येकाच्या नशिबी नसेल. व्हिसा आणि विमानाचं भाडं कुणाला चुकत नाही. पण असं दार आपल्या वॉर्डात उघडावं, ही मागणी आपल्या नगरसेवकाकडे करायला पौंड लागत नाहीत.