आकडे निवडताना

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्यातील भाताचे तालुके. गिरणीतून तांदूळ घरी आला की तो लगेच शिजायला पडत नाही. घरातील बाई तो आधी सुपात पाखडते, मग ताटात पसरून निवडते. पाखडताना तूस आणि कोंडा वाऱ्याबरोबर उडून जातो. निवडताना मात्र एकेका दाण्यावर बोट ठेवावे लागते. दाणा चांगला असला तर राहू द्यायचा. खडा असला तर काढायचा. संगणकाकडूनही आपण असेच निवडण्याचे काम करून घेऊ शकतो. फक्त तेथे तांदळाऐवजी आकडे असतात.

पावसाचे उदाहरण घेऊ. पर्जन्यमापकात चोवीस तासांत साठलेले पाणी रोज सकाळी साडेआठ वाजता मोजतात आणि मिलिमीटरमध्ये नोंदवतात. या आकड्यांना फार महत्त्व आहे. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण 1892 साली शहापूर तालुक्यात पूर्ण झाले. भातसा धरणही याच तालुक्यात आहे. आणि याच तालुक्यातील कितीतरी पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते! कुठे किती पाऊस पडला याचा हिशेब चुकला, तर पाण्याचे नियोजनही चुकते.

समजा, मुरबाडच्या एका शाळेतील मुलांनी सात दिवसांची नोंद ठेवली. ती अशी:

42, 0, −1, −1, 118, 7, 63

अशा ओळीने मांडलेल्या आकड्यांना संगणकाच्या भाषेत ‘अ‍ॅरे’ म्हणतात. आपण तिला यादी म्हणू. पाऊस कधी उणे पडत नाही. मग −1 कशासाठी? त्या दोन दिवशी मोजमाप झालेच नाही. जागा रिकामी राहू नये म्हणून मुलांनी ही खूण लिहिली.

आता सरासरी काढा. यादी आहे तशीच घेतली, तर बेरीज 228 येते. तिला 7 ने भागले की सुमारे 32.6 मिळतात. दिसायला उत्तर ठीक आहे, पण ते चूक आहे; त्यात दोन खडे आहेत. ते काढल्यावर बेरीज 230 आणि दिवस 5. खरी सरासरी 46. कोणी घाईने ‘शून्यापेक्षा मोठे तेवढेच ठेव’ अशी सूचना दिली, तर 0 सुद्धा जाईल आणि सरासरी 57.5 होईल. हेही चूकच. शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. −1 म्हणजे आपल्याला माहीत नाही. या दोन गोष्टी अगदी वेगळ्या आहेत. म्हणून योग्य सूचना अशी: ‘आकडा शून्य किंवा शून्यापेक्षा मोठा असेल तर ठेव.’ अनेक ठिकाणी −1 ऐवजी −999 लिहितात. ते मला अधिक शहाणपणाचे वाटते. अशी खूण चुकून बेरजेत गेली, तर उत्तर इतके विचित्र येते की चूक लपतच नाही.

नवशिक्यांना फसवणारी एक जागा येथे आहे. बहुतेक संगणकीय भाषांत यादीतील जागा 0 पासून मोजतात. आपल्या यादीत पहिला −1 जागा क्रमांक 2 वर आहे. संगणकाने तो काढला की पुढचे सारे आकडे एकेक घर मागे सरकतात आणि दुसरा −1 जागा 2 वर येऊन बसतो. पण संगणक तर जागा 3 कडे गेलेला असतो. तेथे त्याला 118 दिसतो. दुसरा −1 न तपासताच मागे राहिला! म्हणून चालत्या यादीतून आकडे काढू नयेत. दुसरी रिकामी यादी घ्यावी आणि चांगले आकडे तिच्यात उतरवावेत. शिवाय मूळ नोंद हाताशी राहते. पायरीपायरीने मांडलेल्या अशा रीतीला ‘अल्गोरिदम’ म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून आला आहे.

पण खडा कोणता आणि दाणा कोणता, हे संगणकाला कळत नाही. 26 जुलै 2005 रोजी सुरू झालेल्या पावसात मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर 24 तासांत 944 मिलिमीटर पावसाची नोंद झाली. त्याच शहरात कुलाब्याला मात्र सुमारे 73 मिलिमीटरच पडला. ‘500 पेक्षा मोठा आकडा चुकीचा समज’ अशी सूचना कोणी आधीच देऊन ठेवली असती, तर संगणकाने तो 944 मुकाट्याने फेकून दिला असता. असे संशयास्पद आकडे तिसऱ्या यादीत, तारखेसह ठेवावेत आणि माणसाने तपासावेत.

प्रश्न बदलला की निवडही बदलते. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे 2.5 मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. आपल्या यादीत असे दिवस चार आहेत. येथे 0 गाळणे बरोबर आहे. सरासरीसाठी मात्र तोच 0 ठेवावा लागला होता.