दुखणे आणि दृष्टी

मराठीत ‘दुखणे’ हा एकच शब्द वेदना व आजार या दोहोंचा वाचक आहे. एड्सच्या रुग्णास हे अर्थैक्य घातक ठरू शकते. रक्तातील सीडी-४ पेशी घनमिलिमीटरला ५० च्या खाली गेल्या की सायटोमेगॅलो विषाणू दृष्टिपटल पोखरू शकतो. डोळा मात्र बहुधा दुखत नाही. २००४ मध्ये भायखळ्याच्या जे. जे. रुग्णालयात व पुढे परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मोफत विषाणुरोधक उपचार सुरू झाले. अशा उपचारांनी हा विकार विरळ होतो. तथापि उशिरा येणाऱ्यास धोका आहेच. त्यास ‘डोळा दुखतो का?’ एवढेच विचारणे अपुरे होय. ‘काळे ठिपके तरंगतात काय? दृष्टीचा एखादा भाग झाकोळतो काय?’ असे विचारावे. उत्तर नकारार्थी आले तरी बाहुली विस्फारून दृष्टिपटल तपासावे. नष्ट झालेले दृष्टिपटल पुन्हा घडत नाही. वेळीच दिलेले गॅन्सिक्लोव्हिर उरलेले राखू शकते.