पीकपाहणी: तलाठ्याकडून शेतकऱ्याकडे

कोणत्या गटात, किती क्षेत्रावर, कोणते पीक उभे आहे याची नोंद महाराष्ट्रात गाव नमुना 12 मध्ये होते. सातबारा उताऱ्याचा हा खालचा भाग भरणे हे पिढ्यान्‌पिढ्या तलाठ्याचे काम होते. हंगामात शिवारफेरी करावी, पीक डोळ्यांनी पाहावे आणि मग नोंद करावी, अशी रीत. पण एका तलाठ्याकडे अनेक गावे असत. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी पाहणी चावडीत बसूनच उरके आणि शेतात सोयाबीन असले तरी उताऱ्यावर मागच्या सालचा कापूस राही.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि हे काम खुद्द खातेदाराच्या हाती आले. मोबाइलवरच्या ॲपमध्ये जिल्हा, तालुका, गाव निवडून तो आपले खाते शोधतो, गट क्रमांक निवडतो आणि हंगाम, पीक, क्षेत्र, सिंचनाचे साधन, लागवडीची तारीख भरतो. शेवटी शेतात उभे राहून उभ्या पिकाचा फोटो काढतो. फोटोबरोबर त्या जागेचे अक्षांश-रेखांशही जातात, म्हणून घरबसल्या नोंद होत नाही.

खरी कसोटी मिश्र पिकाची. मराठवाड्यात सोयाबीनच्या काही ओळींनंतर तुरीची एखादी ओळ असते. शेतकऱ्याच्या हिशेबात ते एकच रान. ॲपला मात्र मुख्य पीक कोणते, दुय्यम कोणते आणि प्रत्येकाचे क्षेत्र किती हेक्टर, किती आर हे वेगवेगळे हवे असते. एकरांत आणि गुंठ्यांत बोलणारा माणूस इथे अडखळतो. मिश्र पिकाऐवजी निर्भेळ सोयाबीन निवडले, तर तूर कागदावर उगवतच नाही आणि पुढे हमीभावाने तूर विकायला नेल्यावर उताऱ्यावर तिची नोंद सापडत नाही. शिवारात रेंज नसणे, गटाचे ठिकाण न जुळणे, मुदतीच्या शेवटच्या दिवसांत ॲप संथ चालणे हे अडथळे वेगळेच.

चुकीची किंमत मोठी आहे, कारण पीककर्ज, विमा, हमीभाव खरेदी आणि नुकसानभरपाई या सगळ्यांसाठी हीच नोंद पाहिली जाते. 2023 च्या खरिपातील कापूस-सोयाबीन उत्पादकांना हेक्टरी 5000 रुपयांचे अर्थसाहाय्य जाहीर झाले, तेव्हा ई-पीक पाहणीची अट होती. नोंद राहून गेलेले शेतकरी इतके निघाले की पुढे ती अट शिथिल करावी लागली.

काम संपले नाही, फक्त वाटले गेले. पगारी कर्मचाऱ्याच्या कर्तव्याचा मोठा वाटा बिनपगारी शेतकऱ्याकडे आला. ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा ज्याला तो नीट वापरता येत नाही, त्याची नोंद शाळा-कॉलेजात जाणारा नातू करतो, नाहीतर शेजारचा एखादा तरुण. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या खातेदाराला भावकीतल्या कुणाला तरी गळ घालावी लागते. राहिलेल्या गटांसाठी शासनाने गावोगावी सहायक नेमले. त्यांना महिन्याचा पगार नाही, नोंदवलेल्या गटांच्या संख्येवर मानधन मिळते. चिखल तुडवत बांधाबांधाने फिरण्याच्या या कामात गावातल्या तरुणांना थोडे पैसे मिळतात, पण तेही हंगामापुरतेच.

तलाठ्याचे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याचे काम पडताळणीचे झाले आहे. काही नोंदी तो तपासतो, फोटो आणि पीक जुळते का ते पाहतो, चुकीची नोंद दुरुस्त करतो. शिवाराचे चित्र पूर्वीपेक्षा खरे उमटते, हा या बदलाचा मोठा लाभ मानला पाहिजे. मात्र तो लाभ ज्या शेतकऱ्याच्या श्रमातून आला, त्याच्या श्रमाचा मोबदला कुठेच धरलेला नाही. बटईने रान करणाऱ्याची स्थिती तर आणखी बिकट आहे. पेरणी, खुरपणी त्याची, अनेकदा बांधावर उभे राहून फोटो काढणाराही तोच. नोंद होते ती मात्र सातबारावरच्या खातेदाराच्या खात्यात आणि तिच्या आधारे मिळणारी मदतही त्याच खातेदाराच्या बँक खात्यात जमा होते.